दुसऱ्या अंकातला स्टोव्ह

संहितेत एवढंच आहे: स्टोव्ह विझतो.
रेकॉर्डिंग लावलं तर शालनताई अडकतात,
त्या कधी चार श्वास थांबतात, कधी नऊ.
म्हणून सिंथवर. हातानं.

भांडुपचा तालमीचा हॉल, खाली पिठाची गिरणी.
ती साडेदहाला थांबली की मी सुरू.
आधी नुसती खरखर घेतली,
जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसली.
फिल्टर आवळला : वारा.
सोडला : कुकर.
केसभर आणखी सोडला
तर चाळीत पहाटे नळ आल्यासारखं झालं.

पडदा ओढणारा बाबल
न पेटवलेली बिडी चघळत म्हणाला,
"पिन मारली काय?
माझगावात तेरा वर्षं स्टोव्हच दुरुस्त केलेत.
तुमच्या पंपाचा वायसर सुकलाय.
तेल सोडा."

चाळीस बटणांत तेल कुठलं?
एकेक फिरवत बसलो.
शेवटी पिच व्हीलवर अंगठा टेकून
आवाजाला जरा जरा दम भरला,
पंप मारावा तसा,
आणि ज्योत बसली. निळी.
बाबलनं सवयीनं हात पुढे केला,
मग खिशात घातला.

मुलुंडच्या प्रयोगाला
ताई अकरा श्वास थांबल्या.
मी फिल्टर मिटत आणला,
बोट किंचित उशिरा उचललं गेलं
आणि अगदी शेवटी
एक बारीकसं फुक् आलं,
तालमीत कधीच न आलेलं.

विंगेत बाबलनं नुसती मान हलवली.

ते सेव्ह करायचं राहिलं.