बटण डावीकडे आहे

किरुनातल्या पहिल्या हिवाळ्यात
कचेरीतल्या बाईंनी माझा अर्ज वाचता वाचता
एकदम श्वास आत ओढला,
चटका बसल्यासारखा, छोटासा.
मी घाबरले. वाटलं, कागदात काहीतरी वाईट निघालं.
दुभाष्या हसला. म्हणाला, लेतेब्रहान,
इथे 'हो' असंच म्हणतात.

होकारसुद्धा बाहेर न सोडणारी माणसं.
थंडीत वाफ वाचवत असतील, मी मनात म्हटलं.

मग अकरा वर्षं.
रात्री दीडच्या सुमाराला खाणीत सुरुंग उडतो,
कपाटात कपबश्या एकमेकींना कोपर मारतात.
सुरुवातीला मी पलंगाखाली शिरायचे,
मी जिथून आले तिथे अशा आवाजाचा अर्थ वेगळा होता.
नंतर नुसती कूस बदलायला लागले.
एकदा दोन रात्री काम बंद होतं
तर मला झोप लागेना.

पण मी आउनेबद्दल सांगत होते.
आउने निएमी, वय एक्क्याऐंशी,
माझ्या यादीत सकाळी आठ चाळीस:
गोळ्या, पायमोजे, ओटची लापशी.
तिच्या बापाने लोखंड काढलं, नवऱ्याने काढलं,
सगळ्यांनी मिळून इतकं काढलं
की गावाखालची जमीनच सरकायला लागली
आणि गावाला सांगण्यात आलं,
उठा, जरा तिकडे तीन किलोमीटरवर जाऊन बसा.

चर्च चाकांवर घालून नेलं त्या दिवशी
मी आउनेची खुर्ची ढकलत रस्त्याकडेला आणली.
अख्खं लाकडी चर्च
मुंगीच्या पावलांनी पुढून गेलं.
एवढी मोठी वरात, आणि आमच्या बाजूला
कुणी चकार शब्द बोलत नव्हतं.
आउने म्हणाली, त्याला निदान उचलून नेतायत.
माझी इमारत पाडणार आहेत.

नव्या घरात पहिल्या सकाळी गेले
तर ती अंधारात उभी, झोपायच्या झग्यात,
उजवा हात भिंत चाचपतोय,
वर, खाली, परत वर,
चोपन्न वर्षं जिथे बटण होतं तिथे.

त्या हाताला मी ओळखलं.
निर्वासितांच्या वसतिगृहात, खोली नंबर सात,
तो केरेनमधल्या आमच्या दाराची कडी शोधायचा
भलत्याच देशाच्या भिंतीवर.

बटण डावीकडे आहे, आउने.

मला कुणी शिकवलं नव्हतं. मी तिला शिकवलं.
आधी डोळे मीट, म्हटलं, डोळे जुनंच शोधत राहतात.
किटली शोभेल तिथे नको, हाताला येईल तिथे ठेव.
एखादी बशी लवकर फुटू दे.
आणि शेजाऱ्याशी एकदा कचकचून भांड.
माझं स्टूरे लिंडमार्कशी झालं होतं,
जिन्यापुढचा बर्फ कुणी काढायचा यावरून,
तेव्हापासून तो मला नावाने हाक मारतो.
ती ऐकत होती, शाळेतल्या पोरीसारखी.
मग विचारलं, किती दिवस लागतात?
दिवस? म्हटलं,
आणि पायमोजा वर चढवत राहिले.

जुन्या बसथांब्याशी आता कुंपण आहे.
उन्हाळ्यात तिथे एक तरुण भेटला,
इथेच जन्मलेला, शिकायला दक्षिणेत गेलेला,
म्हणाला, इथली बेकरी नक्की कुठे होती हो?
मी बोट दाखवलं. तिथे, त्या खड्ड्याच्या वर.
वेलदोड्याचे पाव. शुक्रवारी दुपारीच संपायचे.
बराच वेळ आम्ही दोघं
माझ्या बोटाच्या टोकाकडे बघत होतो.

काल केरेनहून आईचा फोन.
पैसे मिळाले. गुडघा दुखतोच आहे.
तू वेळेवर जेवतेस ना?
मी उत्तर दिलं.
ती क्षणभर गप्प,
मग घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाली,
दम का लागलाय गं तुला?
कुठून धावत आलीस?