उजवी टाच

अकरावी ब-ला आज चालणं शिकवलं.
वॉक म्हणजे नुसतं चालणं, त्यात माणूस दिसत नाही.
स्ट्रोल म्हणजे रंकाळ्यावर, भेळ खाऊन झाल्यावरचं.
स्ट्राइड म्हणजे तालमीतून निघालेल्या पोराचं,
ट्रज म्हणजे जोतिबाची शेवटची चढण, कडेवर लेकरू.
मागून रणधीर इंगवले : "मॅडम, आणि तास बुडवून जाणं?"
स्नीक, मी म्हटलं. ते मात्र सगळ्यांनी लिहून घेतलं.

येताना चप्पल लाइनीत शिरले.
पिशवीत बाबांची जोडी आणि छत्तीस उत्तरपत्रिका.
एक पाय दुखला की लिम्प, दोन्ही दुखले की हॉबल,
फळ्यावर लिहूनही तेवीस जणांचं चुकलेलं.

यल्लाप्पा सातपुते जोडी पालथी करतात,
डॉक्टर जीभ बघतो तसा तळवा बघतात.
"ही बगा, हिचा मालक पाय फरपटतोय.
ही पंज्याला झिजलीया, वसुलीवाला असनार.
आनि ही, दोन्ही पाय अगदी सारखे.
असल्या मानसाला उधार देऊ नये."

मग बाबांची घेतली, आणि गप्प.
"लंगडतात का?" मीच विचारलं.
"छ्या."
"पाय ओढतात?"
"न्हाई वो. उजवी टाच बगा, भाईरच्या अंगानं.
गरकन वळल्याबिगर अशी झिजत न्हाई.
चार पावलं चालायचं, वळायचं, मागं बगायचं.
मागं कोन असतंय त्यांच्या?"

आईचा गुडघा.
ताराबाई रोडला भाजीची पिशवी बाबांकडे,
आई दहा हात मागे,
"व्हा पुढं, आले मी."
आले म्हणायची, आलेली नसतानाच.
इंग्रजीत तिथे कमिंग म्हणतात,
आणि माणूस वाटेतच राहतो.

"ही टाच मीच बसवलीती," सातपुते म्हणाले,
"औंदाच्या संक्रांतीला."

आईला जाऊन दोन वर्षं होतील.

माझ्या तक्त्यावर एकवीस क्रियापदं आहेत,
स्केचपेननं लिहिलेली, बाजूला बाणासकट माणसं.
सगळ्यांचे बाण पुढे.

"नवी घालू न्हवं?"
घाला, मी म्हटलं.
पायरी उतरून पुन्हा वर आले :
बाहेरच्या अंगाला
चामडं जरा जाड घाला.