शंभर टक्के

एल आल्तोत रात्री बादलीतलं पाणी दगड होतं.
अशा गावात, चार हजार मीटरवर,
आमच्या कंपनीने नऊशे फ्रिज वाटले.
फुकट.
वीज दुकानदाराची, थंडावा आमचा.

मी फेर्मीन. मंगळवारी आणि शुक्रवारी वरची लाइन माझी:
बेचाळीस दुकानं, प्रत्येक फ्रिजचा एक फोटो.
लाल बाटल्या किती, परक्या किती,
हे सांताक्रूझच्या ऑफिसातलं यंत्र मोजतं
आणि आरान्सिबिया साहेबांच्या भिंतीवरच्या नकाशात
एक ठिपका तांबडा होतो,
किंवा होत नाही.
साहेब म्हणतात, तहान आपली नाही, तहान देवाची.
आपली फक्त फळी.
डोळ्यांच्या उंचीची फळी ज्याची, गल्ली त्याची.

बासिलिया केन्ताबाईंचं दुकान सात फूट रुंद.
जूनच्या कडाक्यातही त्या फ्रिज बंद करत नाहीत.
"बाहेर ठेवल्या तर गोठून फुटतात रे बाटल्या,
तुझ्या पेटीत जरा ऊब असते."
मी हे रिपोर्टात लिहिलं नाही.
कुठल्या रकान्यात लिहिणार?

खालच्या फळीवर, लाल बाटल्यांच्या मागे,
एक पातेलं असतं. मोकोचिंचीचं.
सुकवलेले पीच रात्रभर भिजवून दालचिनीत उकळलेले;
पेल्याच्या तळाशी एक फळ बसतं,
म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं.
दीड बोलिव्हियानो पेला. आमची बाटली सहा.
करारातलं कलम चौदा: परका माल आढळल्यास फ्रिज परत.
फोटो काढताना मी अंगठा भिंगाच्या कोपऱ्यावर ठेवतो.
कोपरा धुरकट येतो.
यंत्र म्हणतं, शंभर टक्के.

मग बाई पेला पुढे करतात. पैसे घेत नाहीत.
याला लाच म्हणावं का, मला कळत नाही.
गोड असते खरी.

ऑगस्टात निळे आले.
दोन दारांचा फ्रिज, आत दिवे, वर पाटी,
पाटीवर बाईंचं नाव, आडनावातलं एक अक्षर चुकलेलं.
दहा पेट्यांवर एक मोफत.
आम्ही दोन केल्या.
त्यांनी सहा महिन्यांचं विजेचं बिल भरलं,
आम्ही वर्षाचं.
त्यांनी एक छत्री दिली, आम्ही दोन, झालरीच्या.
एल आल्तोतल्या वाऱ्यात छत्री उघडायची
कुणाची छाती नाही.

दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, असं म्हणतात.
तिसऱ्या म्हणजे बासिलियाबाई,
आणि त्यांना आता दुकानात उभं राहायला जागा नव्हती.
डावीकडे लाल, उजवीकडे निळा,
मधे खांद्याएवढी फट.
त्या पायरीवर बसून विकू लागल्या, शाल गुडघ्यांवर.
कुणी काही थंड मागितलं की अंग चोरून आत शिरायच्या
आणि हाताला येईल ती बाटली काढायच्या.

त्या तिमाहीत आमचा वाटा चार टक्क्यांनी चढला.
साहेबांनी श्रेय छत्र्यांना दिलं.
मी बसलो होतो मागच्या खुर्चीत, गप्प.
बाई डावखुऱ्या आहेत
हे बेचाळीस पानांत कुठेच नव्हतं.

डिसेंबरात निळ्यांनी मला तीनशे जास्त देऊ केले.
गेलो.
सोमवारी लाल जॅकेट परत केलं, मंगळवारी निळं चढवलं.
चेन याचीही छातीपाशीच अडकते;
शिवणारा एकच असावा.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
आयमारात काहीतरी पुटपुटल्या, मला अर्धंच कळलं,
त्या अर्ध्यातही शिवी होतीच.
मग निळ्या फ्रिजचं दार उघडून बाजूला झाल्या.
खालच्या फळीवर, निळ्या बाटल्यांच्या मागे,
पातेलं माझ्याआधीच येऊन बसलं होतं.

मी फोन वर धरला.
अंगठ्याला काही सांगावं लागलं नाही.