कच्चं शे अजून

साकेगावच्या खांबात काँक्रीट ओतून चारच दिवस झालेत.
साहेब म्हणतात, ब्रॅकेट आजच लागलं पाहिजे.

लोटनमामा ओलं गोणपाट सारतो,
प्लेटीवर उलटा पंजा टेकवतो,
तापल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.
"कच्चं शे अजून."

आत पाणी आहे.
घाईनं आर्क मारला की वाफ कोंडते,
कडेचा पापुद्रा उडतो,
मागचे अँकर ढिले होतात
आणि वरून रंग मारला की कुणाला कळत नाही.

तेराव्या दिवशी, ऊन चढायच्या आत,
पायाखाली कोरडी फळी घेऊन
तो बोटभर टाका घालतो. थांबतो.
दुसऱ्या टोकाला बोटभर. थांबतो,
केळं सोलतो.

साल प्लेटीवर टाकून कान देतो.
चरचरलं.
अजून एक केळं.