साठ दिवस

अकरा पुस्तकं मढवीनं माझं घर चालवलं.
बाराव्यात त्याची नोकरी घालवायची होती.
प्रकाशक म्हणाला, मोकळा करा आता त्याला,
खाजगीत जास्त खपेल.
मी लिहिलं: वरिष्ठांच्या टेबलावर
निरीक्षक हरेश्वर मढवीनं वर्दी उतरवून आपटली,
आणि बाहेर कळव्याच्या खाडीवर वीज कडाडली.

उथळसरला टिपणीसकाका राहतात,
आस्थापना शाखेत एकतीस वर्षं काढलेले.
त्यांनी पानं वाचली, चष्मा पुसला, परत वाचली,
आणि विजेवर पेन्सिलीनं बारीक फुली मारली.

"आपटून कुणी जात नाही, बाई.
मोठ्याच्या मेव्हण्याला धरलं म्हणूनही नाही,
त्याला बदली असते.
माणूस जातो तो नोंदीवरून.
स्टेशन डायरीत सव्वातीनचे सव्वाचार केलेले,
आणि शाई वेगळी.
शाई लिहा."

का केले असतील त्यानं सव्वाचार?
"ते तुम्ही बघा.
चौकशी अधिकारी 'का'चा रकाना ठेवत नाही."

मग ते सांगत गेले, मी उतरवत गेले.
निलंबन ही शिक्षा नव्हे, नुसतं ताटकळणं.
दोषारोपपत्राला जोडपत्रं चार.
काढून टाकणं वेगळं आणि बडतर्फ वेगळं,
पहिल्यात दार लागतं,
दुसऱ्यात दाराच्या जागी भिंत बांधतात.
सहायक आयुक्ताच्या सहीनं निरीक्षक जात नाही,
नेमणारा हात जेवढा वरचा
काढणाराही तेवढा तरी वरचा हवा.
"आणि वर्दी कसली परत करताय?
ती त्याची स्वतःची, भत्त्यातून शिवलेली.
पिस्तूल घेतात, दहा गोळ्या मोजून, ओळखपत्र घेतात.
वर्दी राहते घरी."

काकू चहा ठेवत म्हणाल्या,
घरबसल्या अजून कुणाला काढताय?
काका हसले नाहीत.

रात्री मी तो एक तास लिहिला.
चोरीच्या मोटरचं पोरगं आणलं होतं सव्वातीनला,
मढवीनं तशी वेळ टाकली, कागद पुढे ओढला,
आणि मान वर केली तर ते बाकावर झोपलेलं,
तोंड उघडं, एक चप्पल पायात.
मढवीनं उठवलं नाही.
सव्वाचारला उठलं ते आपसूक,
तेव्हा अटक लिहिली, आणि वरची वेळ सुधारली
दुसऱ्या पेनानं, पहिलं हवालदार घेऊन गेला होता.

हे पान काकांनी हातात बराच वेळ धरलं.
चालेल, म्हणाले. पटतं.
मी विचारलं, असं ठाण्यात कधी घडलं होतं?
"कुठल्या ठाण्यात," म्हणाले, "गावातल्या की गावाच्या?"
आणि पेन्सिलीला टोक करत बसले,
टोक होतं तरी.

आदेश त्यांनीच तोंडी सांगितला.
एक वाक्य, पाऊण पान लांब,
ज्याअर्थी, आणि ज्याअर्थी, आणि त्याअर्थी,
मढवीचं नाव पार शेवटी,
गाडीच्या मागच्या डब्यासारखं, फलाटाबाहेर राहिलेलं.
मी थांबले तसं त्यांनी बोटानं कागद ठोकला.
"खाली लिहा, साठ दिवसांत अपील करता येईल.
हे राहून गेलं तर आदेशच कच्चा."

म्हणजे माझ्या कादंबरीला आता साठ दिवस आहेत.
प्रकाशकाचा फोन मी उचलत नाही.
मढवी सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारतो,
तिसरी मारायला लागतो, सोडून देतो.
वर्दी गोखले रोडच्या लाँड्रीत आहे,
आदेशाच्या आदल्या दिवशी टाकलेली,
पावती त्याच्या खिशात मऊ झाली आहे.
लाँड्रीवाला लांबूनच ओरडतो, साहेब, तयार आहे केव्हाची!
मढवी हात करतो, आणि राम मारुती रोडनं घरी जातो.

अपिलाला मी एक पान कोरं सोडलंय.
आज त्रेचाळिसावा दिवस.