घट

घट म्हणजे इथे मडकं नव्हे.
गलाईवाल्यांच्या बोलीत घट म्हणजे
मुशीत टाकलेलं आणि मुशीतून निघालेलं,
यांतला फरक.
वडील कोइमतूरला सोनं गाळायचे.
रात्री वहीचा शेवटचा रकाना तोच:
आत इतकं, बाहेर इतकं, घट अमुक गुंजा.
घट जास्त आली की दुकान कोपऱ्यांपासून झाडायचे,
धूळ झारेकऱ्याला विकायचे,
आणि तरी हिशेब लागला नाही तर म्हणायचे,
"धुरात गेलं."

मी डंजनेसला लागले. केंटचं टोक,
जमीन म्हणजे नुसते गोटे,
झाड औषधालाही नाही.
पहिल्या आठवड्यात टेरी हॉल्डननं फळ्यावर मांडलं:
एक युरेनियम, त्यात शिरलेला एक न्यूट्रॉन.
फुटल्यावर दोन मधले तुकडे
आणि सुटे दोन-तीन न्यूट्रॉन, पुढच्यांना फोडायला.
सगळं गोळा करून तोललं
तर हजारात एक भाग कमी.
माझ्या तोंडून निघून गेलं, "घट."
"म्हणजे?"
"म्हणजे धुरात गेलं."
"छे," टेरी म्हणाला, "किटलीत गेलं.
लिडपासून लंडनपर्यंतच्या."

त्यानंच शिकवलं की घाईत असलेल्या न्यूट्रॉनला
दार सापडत नाही.
ग्राफाइटच्या विटांवर आपटत आपटत
तो सावकाश होतो, मग आत शिरतो.
आणि शंभर फुटले की पुढे शंभरच फुटावेत,
एकशे एक नाही, नव्याण्णव नाही.
आमची सगळी नोकरी
त्या एकाला आवरण्याची.

यंत्रं थंड करून समुद्राचं पाणी
कोमट होऊन समुद्रात परत जायचं.
तेवढ्या चकतीवर सीगल जमायचे, शेकड्यांनी.
टेरी डबा खाता खाता मोजायचा.

ऋजुताला शाळेत संमीलन होतं.
"आई, हे तर उलटं. जुळवूनही ऊर्जा, फोडूनही?"
मी म्हटलं, जड असेल ते फुटून,
हलकं असेल ते जुळून,
दोघंही लोखंडाच्या दिशेनं उतरतात.
लोखंडाशी पोचलं की कुणाकडेच
द्यायला काही उरत नाही.
"आणि आजोबांचं सोनं?"
तेही उतरेल. पण त्याला फोडत कोण बसलंय!

मग तिनंच मला वाचून दाखवलं:
हायड्रोजनचे दोघे भाऊ एकमेकांना ढकलतात,
दहा-पंधरा कोटी अंश तापवावं, तेव्हा कुठे मिठी.
अशी मूस कुठल्या मातीची करणार?
म्हणून चुंबकांच्या ओंजळीत धरतात,
भांड्याचा स्पर्शही न होऊ देता.
ऑक्सफर्डजवळ कलमला पाच सेकंद धरलं होतं.
घट हजारात चारच्या आसपास.
फोडण्याच्या चौपट.
"वीज कधी?"
मला वाण्याच्या दुकानातली पाटी आठवली,
आज रोख, उद्या उधार.
ती पाटी समजावून सांगता सांगता
जेवण थंड झालं.
सूर्य मात्र रोज रोखीनं देतो.
सेकंदाला चाळीस लाख टन घट,
आणि वही लिहीत नाही.

यंत्रं बंद झाली तेव्हा समारंभ असा काही नव्हता.
आवाज गेला. इतकी वर्षं तो होता
हे तेव्हा कळलं.
इंधन मात्र निवत नाही.
विझलेल्या चुलीत निखारा धुमसावा तसं
तळ्याच्या निळ्या पाण्यात बसून असतं,
मग पोलादी पेट्यांतून
लिडच्या रुळांवरून उत्तरेला.
वडिलांना फोनवर सांगितलं.
बराच वेळ गप्प राहून म्हणाले,
"तुमच्याकडची धूळ कोण घेतं?"
मी म्हटलं, अण्णा, हिला झारेकरी नाही.
ही राखायची. आपल्यानंतरच्यांनीही.
"मग ती वहीत आधी लिहायला हवी होती."

आज टेरी आला होता, निवृत्त, दुर्बीण गळ्यात.
किनाऱ्यावर लॉऱ्या चालूच आहेत:
समुद्र पश्चिमेचे गोटे पूर्वेला नेतो,
माणसं ते पुन्हा पश्चिमेला आणून ओततात.
कोमट पाण्याची जागा आता नुसता समुद्र.
टेरीनं तरीही मोजले.
"अकरा," म्हणाला,
आणि वहीत लिहिलं.