दगड क्रमांक दोनशे अकरा

पूल पडला तेव्हा आवाज आलाच नाही म्हणे,
स्कोतिनीचं पाणीच एवढं ओरडत होतं.
सकाळी इव्हान्थिया शेळ्या घेऊन आली
तर पायाखालची वाट
हवेत जाऊन संपलेली.

आता मे. नदी घोट्याएवढी, साळसूद.
आम्ही पात्रातून दगड वेचतो,
पांढऱ्या रंगाने आकडे घालतो त्यांच्यावर:
हा कमानीचा, पाचरीसारखा निमुळता.
हा कठड्याचा, खेचरांच्या ओझ्यांनी घासून घासून
साबणाच्या वडीसारखा झालेला.
हा कुठला, देव जाणे.

मध्ये खांब नव्हता. लोखंड नव्हतं.
प्रत्येक दगडाला खाली पडायचंच होतं
आणि शेजारचा आडवा येत होता,
एवढ्यावर अडीचशे वर्षं निघाली.
"लग्नंही अशीच निघतात," इव्हान्थिया म्हणाली,
आणि शेळीला शिवी हासडली.

दोन्ही खांद्यांत एकेक खिडकी ठेवली होती गवंड्यांनी:
पूर फारच चढला तर त्यानं भांडत बसू नये,
निघून जावं.
या खेपेला तो खिडकीच्याही वर आला.

थ्रासिवुलोस जुने फोटो मोजून सांगतो,
कमान सरळ नव्हती,
वरच्या अंगाला चार बोटं झुकलेली.
"चूक आहे. ओळंबा सुटला असणार."
ती काठी टेकून उभी राहते.
"जानेवारीत ये. इथं थांब.
दरीतून वारा उतरतो ना, तेव्हा तूही
चार बोटं झुकशील त्याच्यावर."
तो काही बोलला नाही. संध्याकाळी नकाशावर
खोडरबराचा भुगा पडलेला होता.

चुन्याच्या ढेकळात केस सापडले,
भेगा पडू नयेत म्हणून कालवलेले,
अजून तांबूस.
तिने ते चिमटीत धरले, उन्हाकडे नेले,
मग कळपाकडे पाहिलं.
"आमच्यातलीच," म्हणाली,
नात्यातलं कुणी भेटावं तशी.

सगळे लागले. दोनशे अकरा तेवढा नाही.
फोटोत आहे, कठड्याचा, डावीकडून सातवा.
शोधत शोधत मी तिच्या गोठ्यापाशी गेले:
दाराला टेकवून ठेवलेला, ओला,
वर एक करडू उभं.

"पूल होऊ दे आधी," ती म्हणाली.
"मग मीच आणून देईन.
तोवर लांडगा आला तर
दाराला काय लावू, तुझा आकडा?"